कळले का?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. माझ्या चुलतबहिणीची मुलगी लग्न होऊन इंग्लंडात असते. तिचा नवरा तिकडचाच, जन्माने इंग्रज. लग्नानंतर तो पहिल्यांदाच आमच्या नांदगावला आला, म्हणजे रीतीप्रमाणे हा त्याचा दिवाळसणच. जावई गोरा असला म्हणून त्याचे जावईपण थोडेच कमी होते? पहाटे अभ्यंगस्नान झाले, पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली आणि फराळाचे ताट पुढे आले. घरातला त्यातल्या त्यात शिकवणारा माणूस म्हणून त्याच्या शेजारी बसण्याचा मान माझ्याकडे आला. माझे इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचे. आता त्या परीक्षेला कोणी मॅट्रिक म्हणत नाही, दहावी म्हणतात. पण पास झालो तेव्हा वडिलांनी गावभर 'पोरगा मॅट्रिक झाला' असेच सांगितले, आणि मीही तेच धरून बसलो आहे.

जावईबापूंच्या ताटातली चकली संपलेली पाहून मी म्हणालो, "वन मोअर?" ते हसून म्हणाले, "आय ॲम गुड." मला वाटले, गृहस्थ आपल्या स्वभावाविषयी काही सांगत आहेत. पाहुण्याच्या बोलण्याला दुजोरा द्यावा म्हणून मी म्हणालो, "यस, यस, यू आर व्हेरी गुड!" आणि आणखी दोन चकल्या वाढल्या. त्यांनी त्या मुकाट्याने खाल्ल्या. मग गोष्ट हवेवर आली. आमच्याकडे ऑक्टोबरात ऊन फार, असे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. ते कपाळ पुसत म्हणाले, "यू कॅन से दॅट अगेन." त्यांना नीट ऐकू गेले नसावे अशा समजुतीने मी तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणालो. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली भाची पदर तोंडाला लावून आत पळाली.

नंतर तिनेच उलगडा केला. "मामा, पहिल्याचा अर्थ 'पुरे, नको'. आणि दुसऱ्याचा अर्थ 'अगदी खरं बोललात'." आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या मनात निराळाच विचार घोळू लागला. त्या दोन वाक्यांत मला अवघड असा एकही शब्द नव्हता. 'गुड' मला पहिल्या इयत्तेपासून ठाऊक होता. मग न कळलेले असे नेमके काय होते?

शाळेत आम्ही इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या पाठ केल्या होत्या. मांजरे आणि कुत्री पडावीत तसा पाऊस, बादलीला लाथ मारून मरण पावणारा माणूस, अशी ती चमत्कारिक मंडळी अजून लक्षात आहेत. जावईबापूंना विचारले, तर मांजराकुत्र्यांचा पाऊस आपल्या गावात कोणी फारसा पाडत नाही, असे ते म्हणाले. म्हणजे जे पाठ केले ते कोणी बोलत नाही, आणि जे बोलतात ते कोणी शिकवले नाही. खरे म्हणजे असले चमत्कारिक शब्दप्रयोग धोक्याचे नसतातच. आकाशातून मांजर पडत नाही हे शेंबडे पोरही जाणते. तिथे मन आपोआप थांबते आणि विचारते, 'याचा दुसरा काही अर्थ असेल का?' धोका साध्या शब्दांचा असतो.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्र्यांनी या गोष्टीचा विचार केव्हाच केला आहे. शब्दाचा सरळ अर्थ देणारी ती अभिधा. सरळ अर्थ जुळेनासा झाला की त्याच्या शेजारचा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे, असे कोणी म्हटले तर प्रवाहावर घरे उभी राहत नाहीत हे ध्यानात येऊन ऐकणारा 'गंगेच्या काठावर' असे समजून घेतो. मुख्य अर्थाला बाध आला म्हणजे लक्षणेचे काम सुरू होते, असे मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त सांगितले आहे. पण 'आय ॲम गुड' या वाक्यात मला बाध आलाच कुठे? 'मी चांगला आहे' हा अर्थ सरळ होता, नीट होता, आणि चुकीचा होता. धोक्याची घंटा वाजलीच नाही. परक्या भाषेत माणूस अडखळतो तेव्हा तो सुखरूप असतो. अडखळत नाही तेव्हाच तो पडतो.

हे झाले शास्त्राचे. माझ्या मनाला जे टोचत होते ते मात्र शास्त्राचे नव्हते. त्या चार दिवसांत जावईबापू माझ्याशी पुष्कळ बोलले, आणि त्यातले निम्मे तरी मला कळले नव्हते. दर वेळी मी काय केले? मान डोलावली. 'यस, यस' म्हणालो. कधी त्यांच्याबरोबर हसलोही. न कळता हसण्यासारखी केविलवाणी गोष्ट नाही, कारण त्यात आपण कशाला हसतो आहोत याची मनात भीती असते.

हे असत्य म्हणायचे की शिष्टाचार? पाहुण्याच्या बोलण्यात खंड पडू नये, त्याला अवघडल्यासारखे होऊ नये, म्हणून मान डोलावली तर बिघडले कुठे? असा बचाव मी स्वतःशी करून पाहिला. पण तो टिकेना. धर्मराजाने अश्वत्थामा मेल्याचे मोठ्याने सांगितले आणि हत्तीचा शब्द तेवढा हळू उच्चारला, एवढ्यावरून त्याचा चार बोटे अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला म्हणतात. त्याने निदान शब्द तरी उच्चारला होता. आम्ही तर तोंडही न उघडता समोरच्याची फसवणूक करतो. बरे, ही फसवणूक त्याच्या सोयीसाठी असते असेही नाही. 'याला एवढेही कळत नाही' असे कोणाला वाटू नये, यासाठी ती असते. मान डोलावतो आम्ही, पण वाचवत असतो आमची अब्रू.

आता पाहा, ज्यांची ती भाषा आहे त्यांना तरी सगळे कळते काय? लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत फटाके सुरू झाले ते थांबेनात. दोन वाजता जावईबापू डोळे चोळत ओट्यावर आले आणि म्हणाले, असेच चालले तर आपण 'डूलॅली' होऊ. मी या वेळी धीर करून अर्थ विचारला. 'वेड लागणे,' ते म्हणाले. शब्द कुठला? ते त्यांना सांगता येईना. लहानपणापासून घरात ऐकला, एवढेच. मला मात्र त्या शब्दाचा वास ओळखीचा वाटला, आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या जाड कोशात तो सापडला. वाचकहो, हा शब्द म्हणजे आपली देवळाली! आमच्या नांदगावहून मुंबईकडे निघालेली गाडी मनमाड घेते, नाशिकरोड घेते, आणि पुढचे गाव देवळाली. १९ व्या शतकात तिथे गोऱ्या शिपायांची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे थांबत. पलटणी नेणाऱ्या बोटी वर्षातले काही महिनेच चालत. बोटींचा हंगाम संपला की पुढच्या हंगामापर्यंत तिथेच दिवस काढायचे. काम नाही, घर दूर, हवा उष्ण, अंगात ताप. कित्येकांची डोकी फिरत. त्या आजाराला शिपायांनी आपापसांत नाव दिले 'डूलॅली टॅप'. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'च. पुढे ताप गळून गेला आणि देवळाली तेवढी राहिली.

जावईबापूंना हे सांगितले तेव्हा ते कितीतरी वेळ गप्पच बसले. ज्या शब्दावर आपण आयुष्यभर हसलो, त्याच्या तळाशी घरी जायला आसुसलेली, वेडी झालेली माणसे आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते. परतीच्या प्रवासात देवळाली स्टेशनाची पाटी पाहण्यासाठी ते डब्याच्या दारात जाऊन उभे राहिले होते, असे भाचीने मागाहून फोनवर सांगितले.

तेव्हा मला उमगले की बोलभाषेतले हे शब्द म्हणजे घरातली नावे असतात. एकत्र सोसलेल्या, एकत्र हसलेल्या माणसांनी ती ठेवलेली असतात. बाहेरच्याला कळू नयेत म्हणून काही ती ठेवलेली नसतात, पण बाहेरच्याला ती कळत नाहीत हे खरे. घरच्या माणसालाही मूळ कथा ठाऊक असतेच असे नाही. त्याला फक्त कुठे, कधी आणि कोणापुढे ते नाव घ्यायचे एवढे कळते. आपण तरी 'कुशल' म्हणताना दर्भ तोडणाऱ्याची आठवण ठेवतो काय? त्यामुळे बाहेरून आलेल्याला आत यायचे तर एकच वाट आहे. दार ठोठवायचे आणि विचारायचे.

आणि जावईबापूंनी विचारायला किती मोकळेपणाने सुरुवात केली होती! आमची सौभाग्यवती करंज्या लाटून उठली आणि म्हणाली, "पायाला मुंग्या आल्या." भाचीने त्याचे शब्दशः भाषांतर केले, तर हा बाबा खाली वाकून फरशीवर मुंग्या शोधू लागला. आम्ही हसलो. तोही हसला आणि त्याने वहीत लिहून घेतले. त्यांच्या भाषेत यालाच 'टाचण्या आणि सुया' म्हणतात, हेही सांगितले. मग 'पोटात गोळा येणे' म्हणजे आजार नव्हे, भीती, हे त्याने लिहून घेतले. 'पोटात कावळे ओरडणे' लिहून घेतले. शेजारच्या काकू तर मुद्दाम नवेनवे वाक्प्रचार घेऊन येऊ लागल्या. 'साहेब किती आवडीने विचारतो' म्हणून सगळी आळी त्याच्यावर खूश होती.

हे कौतुक आजचे नाही. मनमाडहून मराठवाड्याकडे जाणारा रूळ पडण्यापूर्वी वेरूळची लेणी पाहायला निघालेले साहेब आमच्या नांदगाव स्टेशनावर उतरत. तेव्हाही ते बोटाने दाखवून 'हे काय, ते काय' विचारत असणार, आणि आमचे लोक उत्साहाने सांगत असणार. मोल्सवर्थने तर विचारण्याचे व्रतच घेतले. त्याने आणि त्याच्या सोबतच्या पंडितांनी मराठी शब्द गोळा केले, अगदी ओबडधोबड बोलभाषेतलेसुद्धा, आणि १८३१ साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती झाली. आजही अडले की मी तोच कोश उघडतो. त्याचे ऋण मी मानतो. गोऱ्या शिपायांनी मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश ऐकला आणि त्यांच्या कानाला तो 'हॉब्सन-जॉब्सन' असा वाटला. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी इंग्रजीत शिरलेल्या हिंदी शब्दांचा कोश काढला, तेव्हा त्याला नाव हेच दिले. साहेबाला न कळलेल्या शब्दाचा असा ग्रंथ झाला.

इथे माझे मन अडले. साहेब विचारतो तेव्हा ती जिज्ञासा. आणि आपले पोर विचारते तेव्हा?

आता मला जे सांगायचे आहे ते सांगतो. दिवाळीच्या अंकात असे काही लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण दिवे लावायचे ते कोपऱ्यातला अंधार दिसावा म्हणूनही लावायचे असतात.

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. आमचा तालुका खानदेशाच्या शिवेवर, तेव्हा पुष्कळ मुलांच्या घरी अहिराणी बोलतात. याच्याही घरी तीच. पुस्तकी मराठी त्याला जवळजवळ परकीच. पण डोके चांगले होते, म्हणून त्याला मी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवले होते. सुरुवातीला तो पदोपदी हात वर करून म्हणायचा, "सर, माले समजनं नही." एके दिवशी सकाळी मी शिकवत असताना हा बाकावर डुलक्या घेत होता. माझा पारा चढला. मी ओरडलो, "असाच झोपत राहा आणि शिष्यवृत्तीवर पाणी सोड!" तो दचकून जागा झाला. माझ्या वाक्याचा शेवटच तेवढा त्याच्या कानावर पडला असावा. उभा राहून, डोळे चोळत, अगदी प्रामाणिकपणे तो म्हणाला, की पाणी रात्रीच सोडले, लाइट रात्रीच येते.

वर्ग फुटला. मुले बाके बडवून हसली. आणि मीही हसलो. नुसता हसलो नाही, शिक्षकांच्या खोलीत जाऊन तो विनोद सांगितला. कित्येक दिवस मुले त्याला 'पाणीवाला' म्हणत. त्यानंतर त्याने पुन्हा कधी हात वर केला नाही. 'कळलं का?' असे मी विचारले की तो सगळ्यांबरोबर मान डोलावायचा. त्याला आता समजू लागले, असे वाटून मी समाधान मानले. मला वाटते, त्या वर्षी त्याला मी शिकवलेला सर्वांत पक्का धडा तोच.

हा मुलगा पुढे नाशिकला बी. कॉम. झाला. चांगली इंग्रजी पत्रे लिहू लागला. द्राक्षे परदेशी पाठवणाऱ्या एका पेढीत त्याला नोकरी लागली. आपल्या जिल्ह्यातली द्राक्षे जानेवारीपासून उन्हाळा लागेपर्यंत युरोपात जातात, तेव्हा या पेढ्यांत रात्रंदिवस गडबड असते. गेल्या मे महिन्यात तो अचानक माझ्याकडे आला. नोकरी गेली होती. तिकडच्या खरेदीदाराशी फोनवर बोलताना याने विचारले होते, "आणखी एक कंटेनर पाठवू का?" पलीकडून उत्तर आले, "वी आर गुड." हा "ओके सर" म्हणाला आणि माल भरायला सांगितला. पेट्यांवर त्या खरेदीदाराचा छाप लागला. मग कळले की त्याने मालच मागितला नव्हता. पेट्या फोडून द्राक्षे इथल्याच बाजारात मिळेल त्या भावाने विकावी लागली.

मी ताडकन उठून बसलो. तेच वाक्य! मी दोन चकल्या वाढल्या होत्या, याने कंटेनर भरला होता. माझ्या चुकीवर घर हसले, याच्या चुकीवर याचे घर बसले.

"तुला शंका आली नाही?" मी विचारले.

"आली होती सर. त्याचा सूर जरा वेगळा वाटला."

"मग विचारायचं होतंस, की म्हणजे काय?"

तो खाली मान घालून म्हणाला, "हसले असते, सर."

त्याच्या बोलण्यात माझ्यावर कसलाही आरोप नव्हता. त्याला बहुधा ती सकाळ आठवतही नसेल. मला मात्र लख्ख आठवली. आणि पंधरा वर्षांनी प्रथमच त्याचे ते उत्तर मला ऐकू आले. पाणी रात्रीच सोडले, लाइट रात्रीच येते. म्हणजे तो बारा वर्षांचा पोर रात्रभर कांद्याच्या वाफ्यांना पाणी देत बसला होता, आणि सकाळी दप्तर घेऊन शाळेत आला होता. तो का झोपतो, या माझ्या न विचारलेल्या प्रश्नाचे ते सरळ, नेमके उत्तर होते. त्याला माझा वाक्प्रचार कळला नाही. पण मला त्याचे सरळ वाक्य कळले नाही! शब्दाचा मुख्य अर्थच तिथे खरा होता, आणि मी, दोन कादंबऱ्या लिहिलेला, मराठी शिकवणारा मनुष्य, त्याला हसलो. त्या वर्गात न समजणारा जर कोणी होता, तर तो मी होतो.

न कळता मान डोलावणे हे असत्य की शिष्टाचार, हा प्रश्न मी गेल्या दिवाळीत स्वतःला विचारला होता. आज वाटते, तो प्रश्नच अर्धा होता. मान डोलावणारा खोटे बोलतो हे खरे. पण ते खोटे त्याला कोणीतरी शिकवलेले असते. 'मला कळले नाही' हे सत्य बोलायला धैर्य लागते म्हणतात. असे सत्य बोलायला धैर्य लागावे, हेच मुळी कोणाचे तरी पाप असते. ज्याला भाषा येते तो दाराच्या आत उभा असतो. बाहेरच्याने ठोठवावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण ठोठावल्यावर आतून हसण्याचा आवाज आला, तर तो पुन्हा कशाला ठोठावील? जावईबापू निःशंक विचारू शकत होते, कारण त्यांच्यावर कोणी कधी तसे हसले नव्हते. आमचे हसू त्यांना आपुलकीचे वाटले आणि ते तसे होतेही. त्या मुलाच्या वाट्याला आलेले हसू निराळे होते. दोन्ही हसू एकाच तोंडातले होते, याचे मला वाईट वाटते.

आताशा मी वर्गात 'कळलं का?' असे विचारत नाही. त्या प्रश्नाला साऱ्या महाराष्ट्रात एकच उत्तर आहे, एका सुरातले 'होऽऽ सर'. मी विचारतो, 'आज काय कळलं नाही?' पहिले पंधरा दिवस कोणी बोलले नाही. मग एक मुलगी उठून म्हणाली, "सर, तुम्ही परवा 'हात दाखवून अवलक्षण' म्हणालात, त्यातलं अवलक्षण म्हणजे काय?" मी सांगितले. दुसऱ्या दिवशी चार हात वर आले. मलाही काही कळत नसले की मी मुलांना तसे सांगतो. फोनवर भाचीचा नवरा काही बोलला आणि समजले नाही, तर 'से दॅट अगेन' म्हणतो. या वेळी त्याचा सरळ अर्थ धरून!

तो मुलगा आता एका कांदा-व्यापाऱ्याच्या खळ्यावर हिशेब लिहितो. तिथे सगळे अहिराणीतच चालते, पण त्याचे लिहिलेले इंग्रजी वाया जाते आहे. पाडव्याला तो दरवर्षी पाया पडायला येतो. मे महिन्यात तो समोर बसला होता तेव्हा त्या सकाळची गोष्ट माझ्या ओठांवर आली आणि परत गेली. मोठ्या माणसाने लहानाची क्षमा मागावी, हेही आपल्याकडे कोणी शिकवलेले नाही. म्हणून हे लिहून काढले. हा अंक पाडव्याच्या आधी त्याच्या हाती पडेल असे नाही, आणि पडला तरी लिहिण्याने बोलणे भागत नाही.

यंदा तो आला की फराळाचे ताट पुढे ठेवून मी त्याला प्रथम एकच गोष्ट विचारणार आहे. त्या रात्री पाणी किती वाजेपर्यंत चालू होते?